पुलीला रंग

मला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीत बसलो की पाय हलतो, उभा राहिलो की हात काहीतरी उचकटायला शोधतात. बायको म्हणते, "जेवताना तरी पाय थांबवा, ताटातलं वरण हलतंय." वर्कशॉपमध्ये मात्र हा गुण समजला जातो. मालक सकाळपासून इकडून तिकडे फिरतोय, हातात पाना आहे, म्हणजे माणूस कामाचा! माझाही बरीच वर्षं हाच समज होता.

आमचं वर्कशॉप जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आहे. पत्र्याचं छप्पर, एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग आणि लोखंड कातायची एक लेथ. लेथ वडिलांनी एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात घेतलेली. आताच्या लेथची मोटर तिच्या पोटातच असते. आमच्या लेथची मोटर कोपऱ्यात जमिनीवर आहे. तिच्यावरून एक पट्टा वर जातो, छताखाली लोखंडी अँगलवर बसवलेल्या दांड्यावरची मोठी बिडाची पुली फिरवतो, आणि त्या दांड्यावरून दुसरा पट्टा खाली लेथवर उतरतो. वाळूजच्या कारखान्यांतले इंजिनिअर कधी चुकूनमाकून आमच्याकडे आले तर मान वर करून हे सगळं बघतात आणि मोबाइलवर फोटो काढून नेतात. काम मात्र देऊन जातात, कारण त्या लेथवर चाचा उभे असतात.

चाचा वडिलांच्या वेळेपासूनचे टर्नर. मी हाफ चड्डीत होतो तेव्हा ते मला 'छोटे' म्हणायचे. वडील गेले आणि चाचांनी मला 'मालक' म्हणायला सुरुवात केली. कितीदा सांगितलं, नका म्हणू, लाज वाटते. ऐकलं नाही. मशीन सुरू करण्यापूर्वी ते चहाचा भरलेला ग्लास लेथच्या डोक्यावर ठेवायचे आणि काम करता करता घोट घोट प्यायचे. मशीन फिरत असली तरी त्या चहावर तरंग उठत नसे. शेवटचा बारीक काप झाला की मशीन बंद करायची, जॉबवरून, म्हणजे कातलेल्या वस्तूवरून, अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि जॉब टेबलावर ठेवून द्यायचा. संपलं. "बघा बरं, कसं झालंय," असं त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. वडिलांनाही नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून, रंगवून पूजेला मांडतात. त्या दिवशी मशीन चालवायची नाही. लेथ पुसायचं काम चाचा दुसऱ्या कुणाला देत नसत. रॉकेल आणि चिंध्या घेऊन आदल्या दिवशी सकाळी बसायचे ते दुपारपर्यंत. लेथच्या अंगाला रंग द्यायला आम्हाला परवानगी होती, पण वरच्या पुलीला नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून ते शिडी चढत नाहीत, म्हणून लांब काठीला फडकं बांधून पुली खालूनच पुसायचे. मी दर वर्षी म्हणायचो, चाचा, सगळी मशीन चकाचक आणि वर ते काळं भूत. एक हात मारू का रंगाचा?

"नक्को मालक. तुमारे अब्बा बोले थे, पुली कू हात नक्को लगाव."

"का पण?"

"वो नहीं बोले. लगाव नक्को बोले, बस."

वडील कमी बोलणारे होते. त्यांनी कारण सांगितलं नाही, चाचांनी विचारलं नाही, आणि मी ते म्हाताऱ्यांचं खूळ म्हणून सोडून दिलं.

त्या वर्षी नवमीच्या तोंडावर चाचांच्या नातीचं लग्न निघालं, पैठणला. चाचा चार दिवस रजेवर गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लेथ माझ्या ताब्यात आली आणि माझ्या हातांना खाज सुटली. मी शिडी लावली. वर चढून पाहतो तर पुलीवर तेल, धूळ आणि गंज यांचा बोटभर थर. ग्राइंडर घेतला आणि घासायला लागलो. पुलीच्या कडेच्या आतल्या बाजूला एक वीतभर लोखंडी पट्टी दोन रिव्हेट मारून बसवलेली दिसली, जुन्या धोतराला थिगळ लावावं तशी. वाटलं, पुली तडकली असेल, म्हणून लावली असेल. ठोकून पाहिलं, तडा कुठेच नव्हता. मग हे थिगळ कशाला? रिव्हेटची डोकी कापली, पट्टी खाली पडली, ती भंगाराच्या टोपलीत टाकली. भोकं रंगाऱ्याच्या लांबीने बुजवली आणि वरून हिरव्या ऑइल पेंटचे दोन दणदणीत हात दिले. नवमीला पुलीवर झेंडूची माळ चढवली आणि फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. साठ जणांनी अंगठे दाखवले. मी एकदम खूश.

खूश म्हणजे, दसऱ्यानंतर मशीन सुरू होईपर्यंत.

चाचा पैठणहून आले, नातीच्या लग्नाची मिठाई सगळ्यांना वाटली, चहाचा ग्लास लेथवर ठेवला आणि बटण दाबलं. छताखालून गुरगुर सुरू झाली. लेथच्या अंगात थरथर आली. चहाचा ग्लास आपला आपण सरकत कडेला आला आणि चाचांनी झेलायच्या आत खाली पडून फुटला. त्यांनी मशीन बंद केली. मान वर केली.

"पुली कू रंग दिये क्या?"

"हो. कशी दिसतेय?"

"तुमारे अब्बा बोले थे..."

"चाचा," मी हसून म्हणालो, "रंगाचं वजन ते किती? रंगाने कधी मशीन हलते का?"

बरोबरच होतं माझं, रंगाने इतकी हलत नाही. पट्टीचं मी बोललो नाही. लपवलं नाही, खरंच नाही. मला ती आठवलीच नाही. कचरा काढला हे काय कुणी लक्षात ठेवतं?

मग माझे सोन्याचे दिवस आले. हलतंय म्हणजे काहीतरी ढिलं आहे, आणि ढिलं आहे म्हणजे आवळायचं. मी लेथच्या पायाचे बोल्ट आवळले. छताखालच्या अँगलचे आवळले. मोटरचे आवळले. पायाखाली रबराच्या चकत्या घातल्या, त्या काढल्या, पत्र्याच्या घातल्या. पट्टा ढिला वाटला म्हणून कापून आखूड केला, तो इतका ताठ झाला की वाजवला तर टणकन आवाज यायचा. त्याने थरथर कमी व्हायचं सोडून दांड्याची बेअरिंग तापायला लागली, हात ठेवला तर चटका. मग पट्टा सैल केला. मग पट्ट्याचा जोड उंच लागतो म्हणून जोड बदलला. दिवसातून वीस वेळा मशीन बंद-चालू. चाचा बाजूला उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "मालक, जरा बैठ के सोचो." मी म्हटलं, बसून मशीन दुरुस्त होत नसते. घरी जेवताना मी डाव्या हाताने पाण्याच्या तांब्याची कड चाचपत बसायचो, वाकडी आहे की सरळ. बायको म्हणाली, आधी तुमचे बोल्ट आवळून घ्या.

पाच-सहा दिवसांत ग्लास सरकायचा थांबला. पायाचे बोल्ट इतके आवळले होते की बिचारी लेथ हलणार कुठे! मी जाहीर केलं, झाली दुरुस्त. थरथर गेलेली नव्हती, ती फक्त दिसायची बंद झाली होती.

ती दिसली सोयगावच्या गिरणीवाल्याच्या दांड्यावर. पिठाच्या चक्कीचा दांडा. चाचांनी तो कातला, शेवटचा काप घेतला, नख फिरवलं, आणि नख अर्ध्यावर थांबलं. दांडा उजेडात धरला. त्याच्यावर बारीक बारीक लहरी होत्या, एकीला लागून एक, सगळ्या सारख्या. अशा दांड्यावर बेअरिंग बसत नाही, बसली तरी टिकत नाही. चाचांनी पुन्हा काप घेतला. पुन्हा लहरी. नवीन लोखंड लावून नवा दांडा केला. त्याच्यावरही तेच. गिरणीवाला एसटीने सोयगावहून दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेला होता, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा टेबलावर तिसरा दांडा पडला होता, तोही लहरींचा.

"मालक, गाव पीठ मागतंय हो," तो म्हणाला. "लई तोंडं ऐकावी लागत्यात मला."

आता हे मी लिहितो आहे तेव्हाही कान गरम होतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा दिवस मी खालीवर होत होतो, बोल्ट आवळून तळहाताला फोड आले होते, मशीन मी दुरुस्त केली होती. म्हणजे दोष मशीनचा नाही. मग उरलं कोण? मी गिरणीवाल्यासमोर, वेल्डिंगवाल्यासमोर, दारात उभ्या असलेल्या चहावाल्यासमोर मोठ्याने म्हणालो, "चाचा, मशीन ठीक आहे. हात गेला तुमचा आता."

वेल्डिंगवाल्याने चेहऱ्यावरची काच वर केली. चाचांनी मशीन बंद केली. टूल सोडवलं, पुसलं, डब्यात ठेवलं. दांडा टेबलावर सरळ लावून ठेवला. मग स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत, आणि म्हणाले, "हौ. होंगा."

चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी भांडायला हवं होतं, पाना फेकायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ते आले, पण लेथकडे गेले नाहीत. ड्रिलवर उभे राहून भोकं पाडत बसले. ज्या माणसाने केसाएवढा फरक नखाने ओळखावा, तो पत्र्याच्या क्लिपांना भोकं पाडतोय. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी ते आले नाहीत, पाचव्याही नाही. निरोप नाही, फोन नाही. त्यांचं फडकं लेथच्या हँडलवर तसंच टांगलेलं होतं.

मग लेथवर मी उभा राहिलो. सोयगावचा दांडा मी कातायला घेतला, आणि माझ्याही दांड्यावर लहरी आल्या. चाचांपेक्षा जाड. शहाण्या माणसाने इथेच कपाळाला हात लावला असता. मी काय म्हटलं? मी म्हटलं, माझा हात कधी चाचांइतका चांगला होता? माझ्या येणारच. माणसाला चूक कबूल करायची नसली की तो स्वतःला नालायकसुद्धा ठरवून घेतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पण आत काहीतरी टोचायला लागलं होतं, आणि टोचायला लागलं की मी खर्चाला निघतो. औरंगपुऱ्यात जाऊन वरच्या दांड्यासाठी नव्या बेअरिंग आणल्या. गर्दीत रिक्षाला स्कूटर घासली, रिक्षावाल्याशी भांडलो, घामाघूम होऊन परत आलो आणि बेअरिंग बदलल्या. बटण दाबलं. थरथर होतीच. नव्या बेअरिंगमध्ये ती उलट जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली. मी शिडीच्या पायरीवर बसून राहिलो आणि बराच वेळ काहीच उचकटलं नाही.

गिरणीवाला चौथ्यांदा आला. इकडेतिकडे बघून त्याने पहिलं जे विचारलं, ते दांड्याचं नव्हतं.

"चाचा कुठं हायेत?"

"येत नाहीत."

"आजारी हायेत का?"

मी बटण दाबून लेथ चालू केली. तो लाकडी खोक्यावर बसला. म्हणाला, "त्यांच्या हातचा दांडा माझ्या चक्कीत बारा वर्सं फिरला, मालक. बारा वर्सांत एकदा बी आवाज केला नाय." मग त्याने मान वर करून चालू मशीनकडे पाहिलं. कान लावून ऐकलं. पिठाच्या गिरणीतला माणूस, पट्ट्यांमध्येच हयात गेलेली. "पट्टं काढून चालवून बघितली का हो?"

"म्हणजे?"

"आमच्या चक्कीत बी असंच व्हतं. लई हादराया लागली की समदे पट्टं काढायचे. आधी नुसती मोटर पळवायची. गप चालली तर मोटर सुटली. मग एक पट्टा चढवायचा, मग दुसरा. जिथं थरथर सुरू झाली तिथं चोर हाय."

इतकं सोपं. पंधरा दिवस मी आवळत होतो, सोडवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही पट्टे उतरवले. मोटर एकटी चालवली, मांजरासारखी गप. मोटरवरून वरच्या दांड्याचा पट्टा चढवला, लेथचा नाही चढवला. बटण दाबलं आणि छप्पर गुरगुरलं. लेथ तर फिरतच नव्हती. चाचांची लेथ, चाचांचं टूल, चाचांचा हात, यांतलं काहीच फिरत नव्हतं, आणि थरथर मात्र होती.

"चोर वर हाय," गिरणीवाला म्हणाला.

मी शिडी चढलो. पट्टा उतरवून पुली हाताने फिरवली आणि सोडली. ती फिरली, हळू झाली, थोडी मागे आली, पुन्हा पुढे, आणि थांबली. पुन्हा फिरवली. पुन्हा झुलून तिथेच थांबली. जुन्या बेअरिंगमध्ये ती जड होती, कुठेही अडकली असती. विनाकारण आणलेल्या नव्या बेअरिंगनेच तिला मोकळं सोडलं होतं. खडूने खालच्या बाजूला खूण केली. दहा वेळा फिरवली असेल, दहाही वेळा खूण खालीच आली. म्हणजे ती बाजू जड. तिथे माझ्या हिरव्या रंगाचे ओघळ येऊन सुकले होते, तेवढ्यापुरते चाचाही बरोबर होते. पण मी वर पाहिलं, खुणेच्या बरोबर समोर, कडेच्या आतल्या बाजूला. हिरव्या रंगाखाली लांबीने बुजवलेली दोन भोकं होती.

वडिलांनी लिलावातून आणलेली ती पुली जन्माचीच एका बाजूला जड होती. त्यांनी समोरच्या बाजूला पट्टी मारून ती तोलली होती, आणि कुणी तिला छेडू नये म्हणून इतकंच सांगितलं होतं, पुलीला हात लावू नका. चाचांनी चाळीस वर्षं ते ऐकलं. मी चार दिवसांत ग्राइंडर फिरवला. आणि वर म्हणालो, हात गेला तुमचा.

पट्टी भंगारवाला कधीच घेऊन गेला होता. गिरणीवाल्याला मी बसायला सांगितलं नाही, दुकान वेल्डिंगवाल्यावर टाकलं आणि तसाच, हिरव्या-काळ्या हातांनी, चाचांच्या घरी गेलो. शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. चाचा खाटेवर बसले होते, उजवा हात पुढे ताठ धरलेला, बोटांवर वर्तमानपत्राचा एक कागद आडवा ठेवलेला, आणि ते त्या कागदाच्या कडेकडे टक लावून बघत होते.

मला पाहून त्यांनी कागद घडी करून उशीखाली ठेवला. चाची आतून पाणी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमीच समझाव इनकू. रोज का येईच चलरा. दवाखाने भी जाको आए."

"दवाखान्यात? कशाला?"

"हाथ दिखाने," चाचा म्हणाले. सरकारी दवाखान्यात दोन तास रांगेत उभे राहून ते डॉक्टरला हात दाखवून आले होते. डॉक्टरने बोटांवर कागद ठेवून तो थरथरतो का ते पाहिलं, रेघ काढायला लावली, बटण लावायला लावलं. "बोला, चाचा, हाथ एकदम ठीक है. घर जाव. मैं बोला, डॉक्टरसाब, मेरेकू चालीस साल हो गए. आदमी झूठ बोलता, मशीन झूठ नहीं बोलती."

मी धरून ठेवलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मी समजत होतो की चाचा रागावून घरी बसले आहेत. मला वाटत होतं, जाऊ, पाया पडू, दोन शिव्या खाऊ, घेऊन येऊ. त्यांना माझा राग आलाच नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी सगळं सांगितलं. ग्राइंडर, पट्टी, रिव्हेट, लांबी, रंग, भोकं. सांगताना थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. चाचा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अब्बा की पट्टी निकाले तुमी?"

"हो."

"फेंक दिये?"

"हो."

मग कितीतरी वर्षांनी त्यांनी ती हाक मारली. "छोटे," म्हणाले, "मैं आठ दिन से सोया नहीं." एवढंच. मला रडू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी वर शिडीवर आणि ते खाली खोक्यावर. शेजारच्या पुरी-भाजीवाल्याकडून त्यांनी कणकेचा गोळा मागवला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी भोकांच्या जागी पुलीच्या आत कणीक चिकटवली, पुली फिरवून सोडली. अजून थोडी. पुन्हा फिरव. आता जास्त झाली, चिमूटभर काढ. असं करता करता अशी वेळ आली की पुली जिथे सोडावी तिथेच उभी राहायला लागली, वर नाही, खाली नाही, कुठेही. मग ती कणीक खरवडून किराणावाल्याच्या काट्यावर तोलली, आणि चाचांनी बरोबर तेवढ्याच वजनाची लोखंडी पट्टी कापली, घासली, पुन्हा तोलली. रिव्हेट मी मारले. रंग दिला नाही. हे सगळं करायला तीन तास लागले आणि मला तीन तास त्यांच्या तालाने चालावं लागलं. दोनदा मी घाई केली. दोन्ही वेळा ते नुसते म्हणाले, "बैठो."

गिरणीवाल्याला मी फोन करून बोलावून घेतलं होतं. चहावाल्याला हाक मारली. वेल्डिंगवाल्याला काच वर करायला सांगितली. जितक्या लोकांसमोर बोललो होतो तितक्या लोकांसमोर सांगितलं, की पट्टी मी काढली होती, मशीन मी बिघडवली होती, चाचांच्या हातात काही खोट नव्हती आणि नाही. चाचा मान खाली घालून लेथच्या पकडीत दांडा आवळत होते. "बस करो मालक," म्हणाले. पुन्हा मालक झालो होतो मी.

मग त्यांनी चहाचा ग्लास लेथच्या डोक्यावर ठेवला आणि बटण दाबलं. पट्टे सळसळले. चहा जागच्या जागी होता. दांडा कातला गेला, शेवटचा काप निघाला, लोखंडाची बारीक तार वळत वळत खाली पडली. मशीन थांबवून चाचांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवलं. ते कुठे अडलं नाही, आम्ही सगळे बघत होतो. गिरणीवाला म्हणाला, "व्हय, हा आपला दांडा." त्याने तो धोतराच्या कापडात गुंडाळला आणि सोयगावच्या एसटीला धावला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. दुसरी खंडेनवमी झाली. पुली काळीच आहे, मी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवत नाही. पाय हलवायची माझी सवय गेलेली नाही, ताटातलं वरण अजून हलतं, पण पाना उचलण्याआधी एकदा खोक्यावर बसतो. लेथ पूर्वीसारखी चालते. काम येतं, चाचा कातून देतात, एकही जॉब परत आलेला नाही.

फक्त एक झालं आहे. जॉब झाला की ते नख फिरवतात, पुन्हा एकदा फिरवतात, आणि मग टेबलावर ठेवत नाहीत. माझ्याकडे घेऊन येतात. ज्या माणसाने चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नाही, तो जॉब उजेडात माझ्यासमोर धरून विचारतो, "देखो मालक, लहर है क्या?"

मी न पाहताच घाईघाईने म्हणतो, नाही चाचा, अजिबात नाही.

ते जॉब खाली करत नाहीत. म्हणतात, "पहले देखो. फिर बोलो."